टूरिंग बाइकला वेगळा फ्यूज बॉक्स: बॅटरीपासून शेवटच्या तारेपर्यंत

करूळ घाट निम्मा चढून झाला होता. ऑगस्टचा पाऊस, पुढे दाट धुकं, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. गगनबावड्यात पोचून चहा घ्यायचा म्हणून मी फॉग लाइटचा खटका दाबला आणि गाडी जागच्या जागी मेली. हेडलाइट, मीटर, इंजिन, सगळं एकदम. धाकटा भाऊ मागे बसला होता. तो मोबाइलचा टॉर्च हलवत वळणावर उभा राहिला आणि मी गाडी ढकलत कडेला घेतली. खालून एखादा ट्रक आला तर त्याला आम्ही दिसू का, एवढा एकच विचार त्या वेळी डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी सीट काढून पाहिलं तर कारण अगदी किरकोळ निघालं. हँडलच्या मानेजवळ फॉग लाइटची तार घासून उघडी पडली होती आणि चेसिसला टेकली होती. पण ती तार एका दुकानात हेडलाइटच्याच वायरीला चिमटा लावून काढलेली होती. तिला स्वतःचा फ्यूज नव्हता. त्यामुळे तिच्या शॉर्टने गाडीचा फ्यूज उडवला, आणि त्याच फ्यूजवर इग्निशनही होतं.

त्यानंतर मी वेगळा फ्यूज बॉक्स बसवला. फॉग लाइटची तार तुटली तर फॉग लाइटच विझावा आणि गाडी घाट चढत राहावी, यासाठीच हा सगळा खटाटोप. कोल्हापुरातून कुठेही निघालं की तास-दीड तासात घाट लागतो: आंबा, फोंडा, करूळ, भुईबावडा, जरा लांब आंबोली. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागच्या लाल दिव्याशिवाय रस्त्यावर असतात. इथे जादा दिवे ही हौस नाही, गरज आहे. म्हणूनच त्यांची वायरिंग गाडीच्या जिवावर बेतणारी नको.

एक आधीच सांगतो. तुम्हाला फक्त मोबाइल चार्जर लावायचा असेल तर फ्यूज बॉक्सची गरज नाही, एका फ्यूजची एक लाइन पुरते. दोनपेक्षा जास्त वस्तू होणार असतील तरच पुढचं वाचा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारूनच हात घाला.

आधी कागदावर हिशेब

वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १३ ते १४ असतं, पण हिशेबाला १३ धरा. माझा हिशेब असा होता: २० वॉटचे दोन फॉग लाइट म्हणजे ४० वॉट, म्हणजे ३ अँपिअरच्या थोडं वर. मोबाइल चार्जर १८ वॉटचा, त्यात थोडी घट धरून २ अँपिअरच्या आत. डॅशकॅम १ अँपिअर धरला. जोड हॉर्न मल्टिमीटर लावून मोजला तर ८ अँपिअर. हॉर्न क्षणभरच वाजतो, पण तार आणि फ्यूज त्याच क्षणासाठी निवडायचे असतात.

म्हणजे सतत चालणारा भार ६ अँपिअर, जवळपास ८० वॉट. हा भार गाडीच्या मॅग्नेटला, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाला, झेपतो का, हा खरा प्रश्न आहे. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट कायम चालू असतो, तो आपल्याला बंद करता येत नाही. त्यामुळे कागदावर दिसते तेवढी वीज शिल्लक नसते. मॅन्युअलमध्ये मॅग्नेटचे वॉट दिलेले असतील तर त्यातून हेडलाइट, फ्युएल इंजेक्शन, पेट्रोल पंप वजा करा. आकडे मिळाले नाहीत तर शेवटी मीटरने तपासायची रीत खाली दिली आहे, तीच जास्त विश्वासाची.

टायरमध्ये हवा भरायचा पंप या बॉक्सवर घेऊ नका. तो सहज १० अँपिअरच्या वर ओढतो. त्याला बॅटरीवरून वेगळी, स्वतःच्या फ्यूजची लाइन द्या.

सामान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत हे सगळं मिळतं. ६ फ्यूजचा ब्लेड टाइप बॉक्स घ्या, झाकणाचा, आणि शक्यतो त्यातच निगेटिव्हची पट्टी असलेला. एक चार पिनचा १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका, आणि त्याचा सॉकेट. बॅटरीजवळ लावायला झाकणवाला, पाणी न शिरणारा फ्यूज होल्डर. ग्लूवाली स्लीव, म्हणजे तापवली की आतून डिंक वितळून तार बंद करणारी. साधी स्लीव स्वस्त पडते, पण आपल्या पावसात तिचा उपयोग नाही.

तार घरगुती वायरिंगची आणू नका. गाड्यांसाठीची बारीक तारांची, लवचिक, तेल आणि उष्णता सोसणारी तार मागा. बॅटरीपासून बॉक्सपर्यंत लाल आणि काळी अडीच एमएमची (एमएम म्हणजे इथे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर, व्यास नव्हे). हॉर्नला दीड, फॉग लाइटला एक, चार्जर आणि कॅमेऱ्याला पाऊण एमएम पुरते. अडीच एमएमच्या एक मीटर तारेत १४ अँपिअर गेले तर व्होल्टेजची घट जेमतेम ०.१ व्होल्ट होते. तीच तार अर्ध्या एमएमची असेल तर घट पाचपट होते, आणि तेवढी वीज तार तापवण्यात जाते.

क्रिंपिंगची, म्हणजे तारेच्या टोकाला धातूची थिंबल दाबून बसवायची, पक्कड मात्र चांगली घ्या. नेहमीच्या पकडीने दाबलेली थिंबल दिसायला बसलेली दिसते आणि पाचशे किलोमीटरनंतर सैल होते.

जागा

बॉक्स सीटखाली बसतो, पण सीट त्यावर टेकते का हे नुसतं बघून कळत नाही. मी घरातून मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा आणला, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बॉक्सच्या झाकणावर ठेवला, सीट लावली आणि भावाला वर बसवून जरा उड्या मारायला लावल्या. सीट काढल्यावर गोळ्याची जाडी चार मिलिमीटर राहिली होती. म्हणजे दोघं बसून खड्ड्यात गाडी आपटली तरी झाकणाला धक्का नव्हता. गोळा कागदासारखा चपटा झाला असता तर जागा बदलावी लागली असती.

मागच्या चाकाच्या चिखलाच्या वाटेत, सायलेन्सरच्या बाजूला किंवा एअर फिल्टरच्या तोंडाशी बॉक्स नको. तारा खालून येतील असा बसवा. तारेवरून आलेलं पाणी खाली उतरून मग बॉक्सकडे चढावं, म्हणजे ते वळणावरच गळून पडतं. घरात डिशची केबल आत घेताना खाली एक झोळ देतात, तसाच.

जोडणी, एकामागून एक

सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. मग बॅटरीची काळी तार आधी सोडा, लाल नंतर. लाल सोडताना पान्हा चेसिसला लागला तरी काळी सुटलेली असल्यामुळे काही होत नाही. उलट केलंत तर पान्ह्यातून बॅटरीचा सगळा करंट वाहतो आणि पान्हा जागेवर चिकटतो. परत लावताना लाल आधी, काळी शेवटी.

आता मुख्य लाइन. बॅटरीच्या लाल टोकापासून फ्यूज होल्डरपर्यंतचं अंतर १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा. या एवढ्याशा तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. तो घासला तर बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा तार वितळेपर्यंत करंट वाहत राहतो. म्हणून हा तुकडा आखूड, आणि त्यावर जाड पाइप. होल्डरमध्ये २० अँपिअरचा पिवळा फ्यूज येईल, पण आत्ता घालू नका.

फ्यूज होल्डरमधून निघालेली लाल तार रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून दुसरी लाल तार फ्यूज बॉक्सच्या मुख्य टोकाला. ८५ नंबर काळ्या तारेने निगेटिव्हला. राहिला ८६, त्यावर चावीची तार येणार. हे नंबर रिलेच्या पोटावर कोरलेले असतात. पाच पिनचा रिले हातात आला तर ८७ए मोकळी सोडा आणि तिच्यावर स्लीव चढवा. त्या पिनेवर चावी बंद असताना करंट असतो.

चावीची तार

गाडी बंद केल्यावर बॉक्सही बंद व्हायला हवा. त्यासाठी रिलेला चावी चालू असल्याचं कळवणारी एक बारीक तार लागते. ती बहुतेक गाड्यांत मागच्या दिव्याच्या किंवा नंबर प्लेटच्या दिव्याच्या लाइनवरून मिळते. टेस्ट लॅम्प लावून पाहा: चावी चालू केली की दिवा लागला पाहिजे, बंद केली की लगेच विझला पाहिजे. ब्रेकची तार धरू नका. ब्रेक दाबला तरच फॉग लाइट लागेल.

रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे मागच्या दिव्याच्या लाइनवर भार पडत नाही. पण अलीकडच्या काही गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिट लक्ष ठेवून असतं. तिथे ही तार जोडली तर मीटरवर बिघाडाचा दिवा लागू शकतो. अशा गाडीला कंपनीने ॲक्सेसरीसाठी मोकळा कपलर दिलेला असतो का ते मॅन्युअलमध्ये शोधा आणि तोच वापरा.

या तारेलाही स्वतःचा फ्यूज हवा, २ अँपिअरचा, जोडाच्या अगदी जवळ. बहुतेक जण हा लावत नाहीत. मग ही बारीक तार कुठे घासली की मागचा दिवा आणि त्याच्या फ्यूजवरचं जे काही असेल ते सगळं जातं, म्हणजे माझी करूळ घाटातलीच गोष्ट पुन्हा.

जोड कसा द्यायचा? चिमटा कनेक्टर नको. त्याचं पातं तारेच्या आतल्या चार-सहा बारीक तारा कापतं आणि पाण्याला आत वाट करून देतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तशी आतली तार एका पावसाळ्यात हिरवी पडते. त्याऐवजी कंपनीच्या कपलरच्याच मापाचा नर-मादी जोड घेऊन मध्ये एक छोटा तुकडा बसवा, त्यातून तार काढा. गाडी विकताना तुकडा काढला की मूळ वायरिंग जशीच्या तशी.

रिलेत आतून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर ८५ आणि ८६ च्या मध्ये १एन४००७ डायोड लावा, पांढरी पट्टी ८६ कडे. रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो डायोडमध्येच जिरतो. इंजेक्शनच्या गाडीत एवढी काळजी घ्यावी.

थिंबल दाबताना

तार सात मिलिमीटर सोलायची, एकही बारीक तार कापली जाऊ द्यायची नाही. आधी स्लीव तारेत ओवायची, कारण थिंबल दाबल्यावर आठवतं की स्लीव राहिली. मग थिंबल, मग पक्कड. उद्यमनगरातल्या ज्या वायरमन काकांकडे मी हे शिकलो, ते प्रत्येक थिंबल दाबून झाली की ती माझ्या हातात देऊन म्हणायचे, “ओढ जोरात. आत्ता निसटली तर बरं झालं म्हणायचं, घाटात निसटली असती.” माझ्या पहिल्या दहांतल्या तीन निसटल्या. त्या तिन्हींत मी तारेच्या मापापेक्षा मोठी थिंबल घेतली होती.

झाळ (सोल्डर) लावू का, असं खूप जण विचारतात. मोटरसायकलला मी लावत नाही. झाळ तारेत वर चढते आणि जिथे ती संपते तिथे तार काडीसारखी कडक होते. इंजिनच्या थरथरीने ती नेमकी तिथेच तुटते, आणि वरून स्लीव असल्यामुळे तुटलेली दिसतही नाही.

निगेटिव्ह

प्रत्येक वस्तूची काळी तार बॉक्सच्या निगेटिव्ह पट्टीवर आणा आणि पट्टीपासून अडीच एमएमची एकच तार बॅटरीच्या काळ्या टोकाला. चेसिसच्या जवळच्या बोल्टला अर्थिंग देणं सोपं वाटतं, पण खाली रंग असतो आणि दोन पावसाळ्यांत गंज. दिवे मंद होणं, हॉर्नचा आवाज बसणं, चार्जर मध्येच सुटणं, या तक्रारींचं मूळ मी पाहिलेल्या गाड्यांत बहुतेकदा अर्थिंगमध्येच सापडलं. लाल तारेवर जेवढी मेहनत घेता तेवढीच काळीवर घ्या.

बॉक्समधून पुढे

नियम सोपा आहे. सतत लागणारे अँपिअर गुणिले सव्वा, आणि त्याच्या वरचा मिळेल तो फ्यूज. फॉग लाइटला ३ गुणिले सव्वा, म्हणजे ४ च्या आत, तर ५ अँपिअर. चार्जरला ३, कॅमेऱ्याला ३. हॉर्नला बरोबर १० येतो, पण सुरुवातीचा झटका मोठा असतो म्हणून दीड एमएमच्या तारेवर १५. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालायचा, हे कधीच करू नका. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. फ्यूज तारेपेक्षा दमदार झाला की मग तारच फ्यूजचं काम करते, तेही पेट्रोलच्या टाकीखाली. रंग लक्षात ठेवा, अंधारात टॉर्चच्या उजेडात तेच कामाला येतात: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

फॉग लाइटचा खटका बॉक्स आणि दिव्याच्या मधल्या लाल तारेवर येतो. १० अँपिअरचा चांगला खटका असेल तर ३ अँपिअरला वेगळा रिले लागत नाही. दिवे बसवताना तोंड खाली ठेवा. समोरच्याचे डोळे दिपवून आपल्याला जादा काही दिसत नाही, आणि धुक्यात तर वर गेलेला उजेड आपल्याच डोळ्यांवर परत येतो.

हॉर्नला मात्र दुसरा रिले हवाच, हँडलवरचं बटण ८ अँपिअरसाठी बनलेलं नसतं. कंपनीच्या हॉर्नच्या दोन तारा काढून नव्या रिलेच्या ८५ आणि ८६ ला लावा. बॉक्समधून १५ ची लाइन ३० नंबरला, ८७ वरून दोन्ही हॉर्नना, हॉर्नची दुसरी पिन निगेटिव्ह पट्टीला. बटण प्लस तोडत असो किंवा मायनस, ही जोडणी दोन्हीकडे चालते. इथे डायोडवाला रिले वापरायचा तर आधी मीटरने प्लसची तार ओळखून घ्या.

हँडलकडे जाणाऱ्या तारा मानेजवळ सैल ठेवा. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहा, कुठेही तार ताणली किंवा चेमटली जाता कामा नये. लवचिक पाइप घाला आणि केबल टाय इतकाच आवळा की तार आतल्या आत थोडी सरकेल. माझी तार मानेजवळ टायने करकचून बांधलेली होती, घासली ती तिथेच.

पहिला करंट

सगळे फ्यूज बाहेर ठेवा. मीटर बीपवर घेऊन बॉक्सचं प्लस आणि निगेटिव्ह पट्टी यांच्यामध्ये लावा. बीप आला तर थांबा, शॉर्ट आहे.

मग २० च्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन तारांनी जोडा. हा उपाय मला फार आवडतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने लागतो आणि काही जळत नाही, कारण बल्बमधून दोन अँपिअरही जात नाहीत. बॅटरी जोडा, चावी बंद: बल्ब विझलेला हवा. चावी चालू: रिलेचा टक असा आवाज यायला हवा, बल्ब अजून विझलेलाच. आता एकेक फ्यूज घाला. चार्जरला बल्ब मिणमिणेल, फॉग लाइटला जरा जास्त. कुठल्याही फ्यूजला बल्ब भक्कन पेटला आणि ती वस्तू मात्र मेलेली राहिली, तर ती लाइन शोधा. सगळं नीट असेल तर बल्ब काढून पिवळा फ्यूज घाला.

मीटर काय सांगतो

गाडी बंद, तासभर शांत: बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट. इंजिन चालू, गाडी रस्त्यावर चालते तेवढ्या आरपीएमवर, जादा सगळं बंद: बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. आता फॉग, चार्जर, कॅमेरा सगळं लावा. व्होल्टेज १३.२ च्या वर टिकलं तर काळजी नाही. १३ च्या खाली घसरलं तर बॅटरी भरण्याऐवजी हळूहळू रिकामी होते आहे, काहीतरी कमी करावं लागेल.

दुसरं मोजमाप घटेचं. सगळं चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या लाल टोकावर आणि दुसरी बॉक्सच्या प्लसवर. ०.२ व्होल्टच्या आत हवं. तसंच काळ्या टोकापासून निगेटिव्ह पट्टीपर्यंत. जास्त आलं तर एखादी थिंबल नीट दाबली गेलेली नाही. हात लावून पाहा, तीच गरम लागते.

तिसरं, चावी बंद असताना चोरून जाणारा करंट. बॅटरीची काळी तार सोडून मीटर अँपिअरवर, मध्ये जोडा. काही मिलिअँपिअर गेले तर चालतं. ५० गेले तर ८ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी हिशेबाने १६० तासांत, म्हणजे आठवड्याच्या आत रिकामी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बंद पडेल. मीटर असा मध्ये असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच नको, मीटरचा फ्यूज उडतो.

पावसाळ्यानंतर

दसऱ्याला गाडी धुतली जातेच, त्याच दिवशी सीट काढा. वॉशिंग सेंटरवाल्याला सीटखाली प्रेशरचा पाइप नेऊ देऊ नका. फ्यूज एकेक उपसून पाय पाहा: पांढरी किंवा हिरवी पूड असेल तर कोरड्या ब्रशने झाडा आणि डायलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं, वीज न वाहणारं) लावा. एखाद्या फ्यूजचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर त्या जागेची पकड सैल झाली आहे, ती खोबण सोडून शेजारची वापरा. बॅटरीचे दोन्ही बोल्ट पुन्हा आवळा.

बॉक्सच्या झाकणाच्या आत मी कोणता फ्यूज कशाचा ते कायम शाईने लिहून ठेवलं आहे, वर पारदर्शक टेप. शेजारी छोट्या पिशवीत प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज आणि ते उपसायचा प्लास्टिकचा चिमटा. गेल्या जुलैत भुईबावड्याच्या वाटेवर कॅमेऱ्याचा जांभळा फ्यूज उडाला. मला ते गगनबावड्यात चहाला थांबल्यावर कळलं.